फर्मे मिळणार नाहीत

बूट कारखान्याच्या मालकांनी उचललेला लाकडी पाय तिने त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा फळीवर ठेवला.

"अगं, पळवून नेत नाहीये मी," मालक हसले. "रविवारी सीमापार व्यापाराच्या कराराचं मतदान. त्याआधीच्या सभेत तुझ्या वडिलांचे हे फर्मे मंचावर मांडू. पलीकडच्या कारागिरांना त्यांनीच तर शिकवलं. तू फक्त दोन शब्द बोल. लोक तुझं ऐकतील."

वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांची गादी तिने अजून गुंडाळली नव्हती. ज्या लाकडी पायांवर चामडं ताणून बूट शिवतात, ते फर्मे त्यांनी जन्मभर कोरले. सीमा पहिल्यांदा उघडली तेव्हा हौसेनं पलीकडे शिकवायला गेले. परतले तर कारखान्यातलं त्यांचं फर्म्यांचं खातंच तिकडे हललेलं. मालकांच्या बंगल्यावर मजला चढला, वडिलांच्या हाती गोदामाचा झाडू आला.

"नाही बोलणार. आणि मत विरोधात देणार."

"पलीकडच्यांवर एवढा राग?"

"त्यांच्यावर कशाला? दळायचं आम्ही आणि पीठ न्यायचं तुम्ही, असला करार नको."

मालकांचा आवाज उतरला. "शिवणखात्यात तुझी खुर्ची अजून आहे, पोरी. अडून बसलात तर तेही तिकडे नेईन. ते लोक निम्म्यात करतात."

"निम्म्यात?"

दारात वडिलांचा पलीकडचा शागीर्द उभा होता. बातमी उशिरा कळली म्हणून बस बदलत बदलत भेटायला आलेला. ज्यांच्या कारखान्यात तो राबत होता, त्या मालकांनी त्याला ओळखलं नाही.

"आम्ही पगार वाढवून मागितला," तो शांतपणे म्हणाला, "तर तुमचे मॅनेजर म्हणतात, या गावचे लोक निम्म्यात करायला टपून बसलेत."

मालक खाली बघून कोटाची बटणं लावू लागले.

"येते मी सभेला," ती म्हणाली. "पण दोघांची जागा ठेवा. हेही बोलतील."

"सभा माझी आहे."

"मैदान गावाचं आहे."

मालक गेले. तिने शागीर्दापुढे स्टूल सरकवलं. तो बसला नाही.

"ताई, मला मंचावर बोलता येत नाही हो. पाय लटपटतात."

"माझेही लटपटतात, दादा. आत्ता बोललात ना, तेवढंच बोला."