स्वेटर पिवळाच राहू दे

"पिवळा कमी केला की स्वेटरही जातो, बघ," म्हणत रंगाऱ्याने माउस सरकवला. पडद्यावरच्या फोटोतल्या माणसाची कावीळ उतरली खरी, पण अंगातला पिवळाधमक स्वेटर राखेसारखा झाला.

"नको, काका!" शेजारच्या स्टुलावरची मुलगी जवळजवळ ओरडलीच. "तो मी विणलाय. तो पिवळाच राहू दे. फक्त बाबांचं आजारपण काढा."

वडील जाऊन दोन महिने झाले होते. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारा माणूस. दिलखुलास हसला तो या एकाच फोटोत, दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी. पण त्यातला पिवळा पडलेला चेहरा आईला बघवत नव्हता. मुलीने फोटो भिंतीवर लावला की ती मुकाट्याने काढून कपाटात ठेवायची.

"कशाला डोकेफोड करताय?" काउंटरवरून स्टुडिओचा मालक म्हणाला. "काळा-पांढरा करून द्या. पाच मिनिटांचं काम."

"मग स्वेटर कुठे दिसणार?" रंगारी मान न वळवता म्हणाला.

एके काळी तो बारीक ब्रशाने फोटो रंगवायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा, 'आता तुमचं काही खरं नाही,' असं मालकच हसत म्हणाला होता. पन्नाशीचा रंगारी वही घेऊन क्लासला जाऊन बसला. पोरं खिदळली. तो शिकूनच उठला.

आताही त्याने स्वेटरची कड धरून रेघ ओढायला घेतली. गळ्याशी टाका न् टाका कातडीपासून वेगळा केला. डोळे चुरचुरले की चष्मा पुसायचा, पुन्हा भिडायचा. मालक जेवून आला तरी हा जागचा हललेला नव्हता. मग त्याने चेहऱ्यापुरता पिवळा उतरवला, डोळ्यांतल्या पांढऱ्यातूनही काढला. स्वेटर तसाच झळकत राहिला. पण चेहरा बाहुलीसारखा गुलाबी झाला.

"हे बाबा नाहीत," मुलगी हळूच म्हणाली.

"मी त्यांना पाहिलंय कुठे? तू रंगाने कुणावर गेलीस?"

"बाबांवर. अगदी हुबेहूब."

"मग हात आण इकडे."

तिने बाही सारून हात पडद्याजवळ धरला. हाताकडे बघत त्याने लालातला गुलाबीपणा मारला, पिवळा थोडा परत आणला. एक टक्का. आणखी एक. गाल सावळे होत गेले. हात आणि गाल एक झाले तेव्हाच त्याने माउस सोडला.

संध्याकाळी मुलगी आईला घेऊनच आली. आईने छापलेला फोटो लांब धरला, मग जवळ घेतला.

"स्वेटरची बटणं बघ," आई एकदम म्हणाली. "वरचं खाली, खालचं वर. कधी म्हणून नीट लावली नाहीत."

"तेही नीट करता येईल, वहिनी," रंगारी म्हणाला.

"नको हो. राहू द्या."

आणि अंगठ्याच्या टोकाने ती फोटोतलं ते चुकलेलं बटण चाचपत राहिली.