कोणीही दाता नाही

रक्तपेढीच्या कॉम्प्युटरचं सगळं काम ज्याच्याकडे होतं, त्याला लोक तोंडावरही पंतोजी म्हणत आणि तो ते कौतुक समजे. साध्या माणसाने साधा प्रश्न विचारला की आधी उसासा, मग चष्मा कपाळावर, मग व्याख्यान. आपण सोडून या इमारतीत सगळे बिनडोक भरलेत, असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते लपवायची तसदी तो घेत नसे.

शनिवारी सकाळी अकराला ताई त्याच्या खोलीत आल्या. रक्तपेढीत बावीस वर्षं काढलेल्या त्या तंत्रज्ञ. बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबलेली एक बाई वरच्या मजल्यावर होती. चारला ऑपरेशन, रक्तगट ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये एक पिशवी होती आणि डॉक्टरांना आणखी दोन हव्या होत्या.

"पंतोजी, दाते शोधले तर मशीन म्हणतंय, कोणीही दाता नाही."

"मग नसेल."

"अहो, असं कसं? या गटाचे पाच-सहा जण तरी मी स्वतः नोंदवलेत."

पंतोजीने उसासा सोडला. "ताई, गट निवडताना चुकला असाल. नाहीतर त्या लोकांनी इतक्यातच रक्त दिलं असेल. तीन महिने झाल्याशिवाय नाव येत नाही, हे मी किती वेळा सांगितलंय? मशीनला तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे?"

"एकदा बघता का खाली येऊन?"

"जेवणानंतर बघतो."

ताई तशाच खाली गेल्या. याच्याशी हुज्जत घालण्यात वरच्या बाईचा वेळ जाईल, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी कपाटावरून जुन्या कार्डांचा खोका काढला, धूळ झटकली आणि फोन लावायला घेतले. पंतोजी पाणी प्यायला खाली आला तेव्हा त्याने काचेतून ते पाहिलं आणि त्याला हसू आलं. एवढी महागाची यंत्रणा उभी करून दिली, आणि ही बाई पुठ्ठ्याची कार्डं चाळतेय! यांना शिकवून उपयोग नाही.

एकच्या आत दोघे आले. एक सुतार, अंगावर भुसा तसाच, आणि एक शाळामास्तरीण. दोघांचं रक्त घेतलं, तपासायला गेलं. मग ताई परत पंतोजीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे दोघांचे नोंदणी क्रमांक. दोघांनी याआधीचं रक्त देऊन वर्ष होत आलंय. तुमच्या मशीनमध्ये आहेत का बघा."

त्याने मोठ्या मेहेरबानीने क्रमांक टाकले. दोघेही होते. ओ निगेटिव्ह, तारखाही बरोबर. मग शोधल्यावर यादीत का येत नाहीत? पंतोजीने पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर घेतला.

शोधाच्या प्रश्नात दोन जागा रिकाम्या असत, पहिली गटाची, दुसरी तारखेची. पंतोजीने भरताना आधी तारीख दिली होती, मग गट, पण दोन्हींना नावं लावून. प्रोग्रॅमचा निरोप डेटाबेसला पोचवणारा जुना ड्रायव्हर ती नावं वाचून ज्याची वस्तू त्याच्या जागी बसवायचा. सोमवारी पंतोजीने नवा ड्रायव्हर चढवला. हा नावं वाचतच नव्हता, आलेल्या क्रमाने जागा भरत होता. गटाच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी 'ओ निगेटिव्ह'. आपण हात लावलेलं काम पुन्हा तपासायचं असतं, हे पंतोजीला कोण सांगणार?

दोन ओळींची अदलाबदल केली. यादीत सात नावं आली.

"ड्रायव्हरचा घोळ होता," तो म्हणाला. "हे बनवणारेही एकेक नमुने असतात."

"मग चूक झाली असं मशीनने सांगायला नको?" ताईंनी विचारलं. "आम्हाला तर नुसती रिकामी यादी दिसत होती."

पंतोजी परत स्क्रीनकडे वळला. लाल अक्षरं दिसली की हे अडाणी लोक ऊठसूट फोन करतात, म्हणून त्यानेच वर्षापूर्वी प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं: काही चुकलं तर आतल्या वहीत लिही, यांना रिकामी यादी दाखव. ती आतली वही त्याच्याशिवाय कोणी उघडू शकत नव्हतं, आणि त्याने ती वर्षभर उघडली नव्हती.

त्याने ती आता उघडली. सोमवारपासूनच्या नोंदी. नेहमीच्या गटांच्या पिशव्या फ्रिजमध्ये असायच्या, त्यामुळे शोध क्वचितच व्हायचा. आजच्या सहा ओळी ताईंच्या होत्या. त्या ओळींच्या वर एकच ओळ होती, गुरुवार, अकरा वीसची. गटाच्या जागी तारीख आल्याचं ड्रायव्हरने स्पष्ट शब्दांत कळवलं होतं.

"गुरुवारी तुम्ही शोधलं होतं?" त्याने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"मी रजेवर होते. बदलीवरच्या माणसाने शोधलं. तुमच्या मशीनवर त्याचा विश्वास होता, म्हणून कार्डं नाही काढली त्याने. पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलं."

"मग?"

ताईंनी टेबलावरची चिठ्ठी उचलली.

"वाटेतच गेला," त्या म्हणाल्या आणि रक्त तपासून झालं का ते बघायला खाली निघून गेल्या.