लाटसाहेबाचं रुखवत

लग्नात लाटसाहेब येणार हे कुसुमला कळलं, तेव्हा ती गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. बातमी तिच्या भावानंच आणली. विठ्ठल मोबाइल हातात नाचवत वर आला आणि म्हणाला, अनिकेतच्या घरच्यांनी थीम ठरवलीय. गव्हर्नरसाहेबांचा दरबार. नवरदेव सोला टोपी घालून बग्गीतून येणार, वाढपी पगड्या नि लाल पट्टे लावून सलाम ठोकणार, आणि हॉलमध्ये दोरीनं ओढायचा झालरीचा पंखा टांगणार.

"आणि आपण कोण?" कुसुमनं विचारलं.

"आपण मुलीकडचे."

"म्हणजे रयत."

विठ्ठल हसला. हैदराबादच्या सचिवालयात आयुष्य काढलेल्या माणसाला विनोद उशिरा कळतो, आणि हा विनोद नव्हता हे तर त्याला कळलंच नाही.

मृण्मयी त्याची एकुलती मुलगी. तिची आई ती बालवाडीत असतानाच गेली, आणि नवऱ्यामागे माहेरी परत आलेल्या कुसुमनं तिला वाढवलं. वेण्या घातल्या, गोवर काढला, तेलुगू शाळेतून आलेल्या पोरीशी हट्टानं मराठीत भांडली. मृण्मयीला मराठी वाचायला जमत नाही, पण भांडायला उत्तम जमतं. घराण्यातल्या प्रत्येक मुलीचं रुखवत कुसुमच्या हातचं असे. तेव्हा हिचं कोण करणार, हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न विहीणबाईंनी उभा केला. हर्षदाताई कुकटपल्लीच्या. बोलायला गोड, पण अटी लोखंडी. बोलणी झाली त्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं की बाकी काही नको, पण रुखवत अख्खं आमच्या घरी यायला हवं. मोठ्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनी अर्ध्या वस्तू गाडीत घालून परत नेल्या, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. रुखवत उचललं की अख्खं उचलायचं, एक वस्तू मागे राहिली तर ते रुखवत नाकारलं असं समजायचं. विठ्ठलनं चार माणसांत मान डोलावली होती. आता थीमबरोबर हर्षदाताईंनी नमुन्याचे फोटोही पाठवले. बिस्किटांचा बंगला, चिनीमातीचा चहाचा सरंजाम, साखरेचा लाटसाहेब आणि त्याच्या बुटाखाली वाघ. खाली लिहिलं होतं, क्यूट दिसेल.

कुसुमनं ते फोटो पाहिले आणि तिच्या कानशिलांत काहीतरी तापलं.

विठ्ठलचं म्हणणं, आपल्याकडे निजाम होता, इंग्रजाचं आपल्याला काय? कुसुम म्हणाली, मग कोठीवरची इंग्रज साहेबाची रेसिडेन्सी काय कबुतरांसाठी बांधली होती? आणि आपण इथं आलो कशामुळे, तेही सांग. विठ्ठलला ठाऊक होतं, पण लग्नघरात कोण असलं काढतं?

इंग्रजी राज्यात सोलापूरकडे दुष्काळ पडला तेव्हा या घराण्यातली येसू नावाची पोर दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. कुसुमच्या आजीची ती आजी. राबणाऱ्या माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य पुरे, असा हिशेब एका साहेबानं बसवला होता. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोच्याही आतच. हा साहेब आधी आपल्या हैदराबादेत रेसिडेंट होता, आणि हिशेब चोख बसवल्यावर मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच दुष्काळात दिल्लीला दरबार भरला, हत्ती सजले, तोफा उडाल्या. येसूचे आईबाप खडीच्या ढिगापाशीच गेले. ती धाकट्या भावाचं बोट धरून निजामाच्या हद्दीत चालत आली, कमरेला ज्वारीचं गाठोडं बांधून. भाऊ पोचला नाही. तिच्या मुलांनी मोडी शिकून दप्तरात नोकऱ्या धरल्या, आणि तेव्हापासून हे घर सरकारी नोकरीत असं सांगायची पद्धत पडली. आधीचं कोणी सांगत नाही. कुसुम सांगायची. मृण्मयीला वरणभात भरवताना तिनं येसूची गोष्ट कितीदा सांगितली होती, कारण त्या गोष्टीला पोरगी पानात शीत टाकत नसे.

"आत्या, नुसती थीम आहे ना," मृण्मयी आता म्हणाली. "कायकू एवढं सीरियस घेतेस? प्लीज, माझ्या लग्नात सीन नक्को."

ते 'नक्को' कुसुमला लागलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिनं झाडून काढलं असतं. पण ही पोर उद्या दुसऱ्याच्या घरात जायची, तिथं हिला टोमणे आपल्यापायी बसायला नकोत, एवढं कुसुमला कळत होतं. ती म्हणाली, बंगला हवा ना, करते.

आणि तिनं केला. मन लावून केला, कारण वाईट काम तिच्या हातून रागातही होत नसे. बिस्किटांच्या भिंती, खिडक्यांना शेवयांच्या झिलमिल्या, आत लांब टेबल, त्यावर साखरेची ताटं, टोकाला साहेबाची खुर्ची. साखरेचा साहेब इतका हुबेहूब झाला की त्याच्या गालांवर लाली लावताना तिला त्याला थोबाडावं वाटलं. बुटाखालचा वाघही झाला. मग ती काचीगुड्याच्या गोठ्यातून कडब्याची पेंढी घेऊन आली. विठ्ठलला वाटलं, बंगल्याला कुंपण करतेय.

लग्न नामपल्लीच्या एका हॉलमध्ये होतं. रुखवत कुसुमनं सकाळीच मांडलं. बंगल्याचा दर्शनी भाग उघडा, आणि फाटकापुढचा अर्धा पाट तिच्या जुन्या इरकलीच्या पदराखाली झाकलेला. तो उघडायचा की तसाच झाकलेला टेम्पोत घालायचा, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. मृण्मयी हिरव्या चुड्यात समोरून गेली, हसली, आणि कुसुमनं मनात म्हटलं, राहू दे. झाकलेलंच राहू दे.

रुखवतापाशीच तो झालरीचा पंखा टांगला होता. दोरी ओढायला पागोटं बांधलेला एक म्हातारा उभा केला होता. कुसुमनं त्याला विचारलं, बसत का नाही? तेव्हा कळलं की तो सूर्यभान, नांदेडकडचा, एरवी हॉलचा वॉचमन. बसायचं नाही असं इव्हेंटवाल्या पोरीनं बजावलं होतं.

"पण एसी तर चालू आहे," कुसुम म्हणाली.

"वारं एसीचंच हाय की, ताई," सूर्यभान म्हणाला. "म्या फोटोपुरता. बग्गीच्या घोड्याला तर खाली सावलीत बांधलंय. त्याचा फोटो काढून झाला बी."

तो स्वतःशीच हसला आणि दोरी ओढत राहिला. तेवढ्यात अनिकेत सोला टोपी घालून आला, छातीवर खोट्या बिल्ल्यांची रांग लावून, आणि फोटोवाल्यानं सूर्यभानला सांगितलं, बाबा, जरा झुको. सूर्यभान झुकला. अनिकेत पोरगा वाईट नव्हता. त्याला आपल्यासमोर काय झुकतंय हे दिसलंही नाही. तेच कुसुमला सहन झालं नाही.

हर्षदाताई बायकांचा घोळका घेऊन रुखवत बघायला आल्या. बंगल्याचं कौतुक झालं, वाघाचं झालं. मग त्यांनी विचारलं, हे झाकलंय काय? आणि कुसुमनं पदर ओढून काढला.

फाटकाबाहेर माणसं होती. कडब्याच्या काड्यांची, वाळकी, बरगड्या मोजाव्यात अशी. काही खडीवर बसलेली, काही आडवी. मधोमध सुपारीच्या टरफलांचा तराजू, एका पारड्यात दगड, दुसऱ्यात ज्वारी. आणि एक काडीची पोर, कमरेला ज्वारीचं गाठोडं, हातात तिच्याहून लहान काडीचा हात.

घोळक्यातल्या दोघी मागे सरल्या.

"हे काय आहे, कुसुमताई?" हर्षदाताईंनी विचारलं.

"तुम्ही बंगला सांगितलात. बंगल्याला फाटक असतं. फाटकाबाहेर कोणीतरी असतंच."

"शुभकार्यात मेलेली माणसं? काढा हे."

"काढता येणार नाही. अख्खं न्यायचं असं तुम्हीच ठरवलंत. न्याल तर साहेबाबरोबर यांनाही न्याल. नाहीतर सगळंच इथं राहील, आणि त्याचा अर्थ काय होतो तोही तुम्हीच सांगितलाय."

विठ्ठलनं तिचा दंड धरला. पोरीचं वाटोळं करतेस का, असं दातांमधून म्हणाला. राग होता म्हणून ती उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं नाही, विहिणीकडेही नाही. घोळक्यातून वाट काढत मृण्मयी येत होती, आणि तिच्याकडे बघायची मात्र कुसुमला भीती वाटली.

मृण्मयी पाटापाशी वाकली. तिनं गाठोडेवाल्या काडीला बोट लावलं.

"येसू?"

कुसुमनं मान हलवली.

"कोण येसू?" अनिकेतनं विचारलं.

"आमची आहे," मृण्मयी म्हणाली. "आजीच्या आजीची... आत्याला विचार, मला नीट नाही सांगता येत. एवढीशी होती. ह्या आतल्या टोपीवाल्यानं दगड फोडायला लावले तिला, आणि खायला हे एवढं." तिनं पारड्याकडे हात केला आणि उभी राहिली. "तू ती टोपी काढ आधी."

अनिकेत आईकडे पाहू लागला. मृण्मयी त्याच्याकडेच पाहत होती. त्यानं टोपी काढली, कुठे ठेवावी कळेना, म्हणून सवयीनं सूर्यभानपुढे धरली.

सूर्यभाननं ती घेतली नाही. त्यानं दोरी सोडली, झालरीचा पंखा दोन झोके घेऊन थांबला, आणि तो शेजारच्या खुर्चीवर बसला. टोपी अनिकेतच्याच हातात राहिली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली. रुखवत अख्खं टेम्पोत चढलं, कारण एवढ्या लोकांसमोर शब्द फिरवणं हर्षदाताईंना परवडणारं नव्हतं. जाताना त्यांनी कुसुमचा निरोप घेतला नाही. विठ्ठल घरी आल्यावर जेवला नाही, आणि पुढं कितीतरी दिवस बहिणीशी भिंतीकडे तोंड करून बोलत राहिला. कुसुमनंही माफी मागितली नाही. तिचा राग काही त्या हॉलपुरता नव्हता.

पंधरवड्यानं मृण्मयीचा फोन आला.

"आत्या, तुझ्या साहेबाला मुंग्या लागल्यात. तोंड गेलं, ताटंपण गेली. सासूबाई म्हणतात, आत्याला दुसरा करून पाठवायला सांग, बंगला ओका दिसतो."

"त्यांना म्हणावं, ओकाच राहू दे."

"ओका नाहीये." मृण्मयी आवाज दाबून बोलत होती. सासू बहुधा शेजारच्या खोलीत असावी. "बाहेरच्यांना मी आत घेतलंय. टेबलाभोवती बसवलंय सगळ्यांना. येसूला साहेबाच्या जागेवर, भावाला तिच्या बाजूला. आणि समोर ज्वारी ठेवलीय. सासूबाईंच्या डब्यातली."

कुसुमनं नको तेच विचारलं.

"किती ठेवलीस?"

"मोजली नाही," मृण्मयी म्हणाली. "ओतली."