हट्टी रेघ

नेरेआने लेसरच्या बटणाकडे नेलेला हात तसाच राहिला. लेसर चालू करायला ती विसरलीच होती. तरीही समोरच्या पडद्यावर ती रेघ उभी होती, रोजच्यासारखी ताठ.

स्फटिकातले अणू सतत थरथरत असतात. लेसरचा प्रकाश त्यांच्यावर पडून परतला की ती थरथर रेघ होऊन पडद्यावर उमटते. टायटॅनियमभोवती ऑक्सिजन समतोल बसलेला असेल तर या स्फटिकात रेघ दिसायलाच नको. ती दिसते, म्हणजे बंध एका अंगाला झुकलेला आहे, असे प्रोफेसर एत्चार्त यांनी तरुणपणी मांडले आणि त्यावरच नाव कमावले. स्फटिक तापवा, गार करा, रेघ तसूभरही हलत नसे. कोर्दोबातल्या या तळघरात सगळे तिला कौतुकाने ‘हट्टी रेघ’ म्हणत. नेरेआचा प्रबंधही तिच्यावरच उभा होता, आणि परीक्षक शुक्रवारी यायचे होते.

तिने यंत्राच्या सैल झाकणावर काळे फडके टाकले. रेघ गेली. फडके उचलले, रेघ परत आली. म्हणजे उजेड बाहेरून शिरत होता. पण कुठून? तिने मान वळवली. फळीवर ‘माते’ या कडवट हिरव्या चहाचे पाणी तापवणारी विजेची किटली होती, आणि तिचा चिमुकला तांबडा दिवा लागलेला होता.

मोजमाप करताना इथे सगळे दिवे मालवत, दारावर पडदा ओढत. किटली मात्र कोणी बंद करत नसे. माते थांबवून कसले आले संशोधन! किटल्या बदलल्या, जागा तीच राहिली. एकाच पेल्यातून मातेची फेरी चाले, आणि ज्याला पुरे झाले तो ‘ग्रासियास’, म्हणजे ‘आभार’, म्हणून उठे. प्रोफेसरांच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकला नव्हता. दुसरा कोणी म्हणाला तर “एवढ्यात दमलास?” असा त्यांचा टोमणा ठरलेला.

“अंधारात भुतासारखी काय बसलीयस?” प्रोफेसर माते प्यायचा पोकळ भोपळ्याचा पेला घेऊन आत आले. “शुक्रवारची धडकी भरली वाटतं! ओत पाणी.”

“प्रोफे, लेसर बंद आहे.”

“मग चालू कर की. तेही मीच सांगू?”

“तसं नाही. पडदा बघा.”

त्यांनी बघितले. नेरेआने किटली बंद केली. रेघ नाहीशी झाली. पुन्हा चालू केली.

“परत कर,” ते म्हणाले.

तिने केले. ते चाचपडत खुर्चीवर बसले.

“निऑन,” ते पुटपुटले. “दिव्यातला निऑन. स्फटिक तापवला म्हणून तो कशाला हलतोय!”

“मी अजून कुणाला बोलले नाहीये.” ती म्हणाली. “तुम्ही म्हणाल तसं करू.”

“शुक्रवारी किटली बरोबर ने. परीक्षकांसमोर लाव, आणि बंद कर.”

“पण तुमचं एवढं सगळं...”

“पाणी ओत म्हटलं ना.”

तिने ओतले. थोडे हातावर सांडले. भोपळ्यातल्या नळीतून शेवटचा घोट खुळखुळेपर्यंत ते सावकाश पीत राहिले. नेरेआने पुढच्या भोपळ्यासाठी किटली उचलून धरली.

त्यांनी रिकामा भोपळा तिच्या हातात दिला.

“ग्रासियास, पोरी,” ते म्हणाले.