शामरावांच्या पेटीतलं लॅटिन

"सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही," होमिओपॅथीच्या पेटीतली एक बाटली टेबलावर ठेवत शामराव म्हणाले, "पण भाटापाऱ्यापासून बिलासपूरपर्यंत मी एका पाद्र्याशी लॅटिनमंधी बोललो. गाडीत तिकिटं तपासून राहिलो होतो. त्याचं पोट दुखे. मी म्हटलं, नक्स व्होमिका. तो उठून उभा राह्यला, मले नमस्कार केला."

"मागच्या खेपेले सांगितलं तवा तो रडला होता," नात म्हणाली.

"रडला ना. आधी नमस्कार, मंग रडला."

कौमुदीनं, त्यांच्या नातीनं, सरावाच्या पेपरमधून मान वर केली नाही. नव्या राज्याच्या सचिवालयात पुन्हा भरती निघाली होती. गेल्या वेळी ती इंग्रजीत चार गुणांनी राहिली. यंदाची परीक्षा रविवारी, आणि या वेळीही राहिली तर भिलाईच्या स्थळाला होकार कळवायचा, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं.

तीन आठवडे रोज संध्याकाळी ती तात्यापारा मोहल्ल्यातल्या घराच्या या मागच्या खोलीत बसत होती. इंग्रजीचं मूळ लॅटिनमध्ये, आणि शामरावांचं सगळं लॅटिन औषधांच्या चिठ्ठ्यांवर. 'कॅल्केरिया' तेवढं कामी आलं होतं. चुन्याचा खडा, आणि खड्यांनी मोजायचं ते कॅल्क्युलेट. त्या दिवशी ती खूश झाली होती. पुढे मात्र गाडी अडली ती अडलीच.

"वीसपैकी सहा." तिनं पेन आपटलं. "फेरम म्हणजे लोखंड, म्हणून फेरोशसचा अर्थ मी लोखंडी लिहिला. उत्तर आहे हिंस्र."

"सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीपुढं एक डाव उभी राह्य. लोखंड हिंस्र असते का नाही, कळंल तुले."

"पेपरात भट्टी येणार आहे का?"

बाहेरच्या खोलीतून तिच्या भावाचा, सचिनचा आवाज आला, "दादाजी, जरा धीरे. मॅच चल रहा है."

शामरावांनी दार लोटून घेतलं. या घरात त्यांच्याशी मराठीत भांडणारं आता कौमुदी हे एकच माणूस उरलं होतं.

"मले क्लास लावून द्यायला पाह्यजे होता," ती म्हणाली.

"गेलो होतो ना सदर बाजारात, भर उन्हात. मास्तर म्हणे, पाय ठेवाले जागा नाही, पोट्टे जिन्यावर बसून राहिले." त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं, मग पुन्हा काढलं. "मी म्हटलं, माह्या नातीच्या नोकरीची गोष्ट आहे. त्यानं हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या..."

"माह्या मैत्रिणीनं, मीनलनं, त्याच आठवड्यात तिथं नाव टाकलं." कौमुदी पेपरची घडी घालत होती, अगदी सावकाश. "अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणे. तुम्ही गेलेच नाही, आजोबा."