नाव सगळ्यात शेवटी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमचे नाव एका कागदावर लिहिलेले आहे. कोणीतरी येतो, तो कागद विकत घेतो आणि दुसऱ्याच मुलाच्या सदऱ्यावर चिकटवतो. शेजारीपाजारी त्या मुलाला तुमच्या नावाने हाक मारू लागतात. तुम्ही तिथेच उभे आहात. काय कराल? रडाल? मी रडले नाही. मला रडता येत नाही, आणि येत असते तरी मी रडले नसते.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझे नाव ससाणा.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला त्याचे छप्पर पत्र्याचे होते, आणि दुपारी त्याखाली माणसे भाजून निघत. माझी चौकट एकाने जोडली, इंजिन दुसऱ्याने बसवले, टाकीवर काळा रंग तिसऱ्याने चढवला. नाव मात्र कोणीच लावले नाही. आमच्याकडची रीतच तशी होती. टाकीवर नावाच्या जागी स्क्रूची दोन रिकामी भोके असायची आणि पितळी नावपट्टी असायची चाचणीस्वाराच्या खिशात. तो प्रत्येक गाडी घाटमाथ्यापर्यंत नेऊन परत आणायचा, तिच्याखाली वर्तमानपत्र पसरायचा आणि चहा प्यायला जायचा. परत आल्यावर कागदावर तेलाचा एक थेंब जरी दिसला, तरी नाव खिशातच राहायचे.

मला त्याने तीनदा परत पाठवले. पहिल्यांदा थेंब पडला होता. दुसऱ्यांदा मी वळणावर किंचित डावीकडे ओढत होते. तिसऱ्यांदा काय खोट होती ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येईना.

"अहो, तुमच्या घामाने ते पितळ काळवंडून जाईल खिशात," इंजिन बसवणारा वैतागून म्हणाला.

"काळवंडू दे. घासलं की उजळतं," चाचणीस्वार म्हणाला. "वाईट गाडीवर लागलेलं नाव मात्र घासून निघत नाही."

चौथ्या खेपेला त्याने स्क्रू पिळले, आणि दुसऱ्याच दिवशी मला स्वतःसाठी घेतले. म्हणे, एवढा डोक्याला ताप दिलेली पोर आता परक्या घरी कशी पाठवू?

आम्ही बावीस वर्षे हिंडलो. त्याच्या बायकोला मीच दवाखान्यात पोचवले आणि चार दिवसांनी दुपट्यात गुंडाळलेल्या मुलीसकट मीच घरी आणले. कोणी रस्त्यात थांबवून म्हणायचे, "ससाणा ना? आवाजावरून ओळखली." असे ऐकले की पुढचा चढ मी पेट्रोल न पिताही चढले असते.

मग एकदा खडीवरून आम्ही दोघे घसरलो. माझा आरसा गेला, त्याचा उजवा गुडघा गेला. हाड जुळले, पण गुडघा पुन्हा पुरता वाकेना. सगळे म्हणाले, विकून टाका आता. तो काठी टेकत वेल्डिंगवाल्याकडे गेला आणि माझा उजव्या बाजूचा फुटरेस्ट कापून दोन बोटे पुढे बसवून घेतला. "माझा गुडघा वाकत नाही ना," तो म्हणाला, "मग गाडीने थोडं वाकावं."

पुढे कारखाना बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले. एक दिवस माझा पिस्टन अडकला तो अडकलाच. माझ्यावर ताडपत्री आली. गांधीलमाश्यांनी सायलेन्सरमध्ये घर केले. भंगारवाला महिन्याकाठी फाटकातून डोकावून जायचा, आणि चाचणीस्वार, जो आता आजोबा झाला होता, त्याला पायरीवरूनच सांगायचा, "अजून दोघंही आहोत. पुढच्या महिन्यात ये."

या आजोबांची नात म्हणजे भिंगरी. खरे नाव वेगळे, पण एका जागी टिकत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. ती अकरा वर्षांची आहे आणि वयाच्या मानाने उंच. ताडपत्रीखाली शिरून ती माझ्यावर बसायची आणि तोंडाने आवाज काढायची. तो आवाज शिवणयंत्राचा असायचा. बिचारीने माझा खरा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

अशात बातमी आली की ससाणा पुन्हा येणार. एका बाईंनी ते नाव विकत घेतले होते. फक्त नावच, कारण बाकी काही उरलेच नव्हते. कारखान्याच्या जागी गोदाम झाले होते आणि जुने नकाशे वाळवीच्या पोटात गेले होते. तेव्हा नव्या मालकीणबाई स्वतः आमच्या घरी आल्या. "तुमच्या गाडीची मापं घेऊन हुबेहूब तशीच घडवू," त्या म्हणाल्या. "आणि हिच्यासाठी नवा पिस्टन बनवून देऊ. ही पुन्हा बोलेल."

भिंगरीने त्या दिवसापासून कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली.

चार दिवस एक तरुण इंजिनिअर लाल किरण सोडणारे यंत्र घेऊन माझ्याभोवती फिरत होता. आम्ही त्याला मापवाला म्हणायचो. आजोबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. त्यांना खूप काही सांगायचे होते. "बाळ, जरा ऐक," ते सारखे म्हणायचे. मापवाला गोड हसायचा. "आजोबा, तुम्ही आराम करा. यंत्र सगळं सांगतं." त्याला माप हवे होते, मत नको होते. चौथ्या दिवशी आजोबांनी खुर्ची उचलली आणि आत गेले.

वर्षभराने नव्या कारखान्यात सोहळा ठरला. मला तेल लावून, चकचकीत करून, दोरीच्या आत उभे केले. समोर नव्या गाड्यांची रांग होती. रंग माझाच, टाकी माझीच, टाकीवर नावही माझेच. आजोबांनी सगळ्यांसमोर दोन कौतुकाचे शब्द बोलायचे, की गाड्या दुकानात रवाना, असे ठरले होते. पाहुणे दाराबाहेर जमू लागले होते.

भिंगरी एव्हाना रांगेतल्या पहिल्या गाडीवर चढून बसली होती. ती हालली, सरकली, पुन्हा नीट बसली.

"आजोबा," ती म्हणाली, "ही लंगडी आहे."

"खाली उतर गं," मापवाला म्हणाला. "मूळ गाडीत तसंच आहे. उजवा फुटरेस्ट पुढे. तो ससाण्याचा वारसा आहे. केसाएवढा फरक सापडणार नाही तुला."

आजोबा वाकून बघत राहिले. मग त्यांनी उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "हा बघ वारसा," ते म्हणाले. "माझा आहे, गाडीचा नाही."

मापवाल्याचे तोंड पांढरे पडले. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"चार दिवस बोलतच होतो रे बाबा."

नव्या मालकीणबाई घाईने आल्या. त्यांना सगळे क्षणात कळले. "नुसतं दिसायला वेगळं आहे, की काही बिघडतं?"

"धडधाकट माणसाचा पाय वेळेवर ब्रेकवर पोचणार नाही," आजोबा म्हणाले. "चालवून बघितली कोणी?"

"यंत्रावर चाकं फिरवून बघितली," मापवाला पुटपुटला.

"घाटात?"



बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. घाईत होत्या. घाईतली माणसे कधीकधी वाईट माणसांसारखीच वागतात. त्या हळूच म्हणाल्या, "आज दोन शब्द बोला. नंतर सावकाश दुरुस्त करू. सोहळा उरकला की लगेच तुमचा पिस्टन बसवते, माझा शब्द."

आजोबांचा हात माझ्या टाकीवर आला. माझा आवाज ऐकायला ते किती वर्षे थांबले होते, हे मला ठाऊक होते. आणि मला नको होता का तो पिस्टन? जीव कोणाला नको असतो? पण मला जीभ असती तर मी छप्पर दणाणून सांगितले असते, की माझ्या आवाजाच्या बदल्यात कोणाचा पाय मोडणार असेल, तर मी जन्मभर मुकी राहीन. गांधीलमाश्यांना परत बोलवा. मी ताडपत्रीखाली ससाणाच असेन. तुम्ही या रांगेवर माझे नाव हजारदा लिहा, त्याने या गाड्या ससाणा होणार नाहीत.

"पिस्टन ठेवून घ्या," आजोबा म्हणाले. "मी बोलणार नाही. आणि कोणी विचारलंच, तर खरं तेच सांगेन."

"अहो, नावं लागलीत सगळ्यांवर. टाकीच्या साच्यातच आहेत. आता काढता पण येत नाहीत."

"तीच तर चूक. आमच्याकडे नाव शेवटी लागायचं."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, तेल घाला, ते चांगलेच आहे. पण ती ज्याने वापरली त्या माणसाशेजारी कधीतरी खुर्ची टाकून बसा. आमच्या अंगावरची प्रत्येक खूण यंत्राला दिसते. ती का पडली, हे त्या माणसालाच ठाऊक असते.

भिंगरीने एकवार माझ्याकडे पाहिले. आज परतताना माझ्या मागच्या सीटवर बसायचे, हे तिने वर्षभर घोकले होते. मग ती दाराशी गालिच्याच्या कडा चिकटवत बसलेल्या माणसाकडे गेली. "काका, ती काळी चिकटपट्टी जरा देता?" तिने विचारले. त्याने काही न विचारता दिली. ती पहिल्या गाडीपाशी आली, दातांनी पट्टी तोडली आणि टाकीवरचे नाव झाकले.

"तिला थांबव," बाई मापवाल्याला म्हणाल्या.

मापवाला पुढे झाला, तिच्याजवळ पोचला, आणि थांबला. पट्टी वाकडी लागली होती. त्याने ती सरळ केली.

भिंगरी दुसऱ्या गाडीकडे वळली.