बुटातली चिठ्ठी

टॅड ओल्झॅकला त्या रविवारी एकच गोष्ट हवी होती: एक सेव्ह. दोन नकोत, एक पुरे.

लोरेटाच्या बोलिंग हॉलच्या मागच्या खोलीत दहा खुर्च्या होत्या आणि दहा जणांची लीग. दर एप्रिलला हे दहा जण खऱ्या बेसबॉलपटूंची आपसांत वाटणी करायचे आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत त्या खेळाडूंनी मैदानात जे कमावलं ते यांच्या नावावर चढायचं. हल्ली सगळं जग हा खेळ फोनवर खेळतं. लोरेटा मात्र फळा आणि खडू सोडायला तयार नव्हती, आणि हॉल तिचा असल्यामुळे वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

तिचा एक नियम फार कडक होता. जो सलग दोन वर्षं शेवटचा येईल त्यानं आपली खुर्ची उचलून घरी न्यायची. जागा रिकामी झाली की बाहेर ताटकळणाऱ्यांपैकी एक आत यायचा. टॅड गेल्या वर्षी शेवटचा आला होता. यंदा तो लीगमधल्या श्रोडरपेक्षा एका सेव्हनं मागे होता आणि आज मोसमाचा शेवटचा दिवस. बरोबरी झाली तर जुना सभासद राहतो, आणि टॅड तर पहिल्या दिवसापासूनचा. कारखाना सुटला, मुलगी ॲरिझोनाला गेली, घरात बोलायला टीव्ही तेवढा उरला. माणसांत बसायचा म्हणून हा एक रविवार होता. तो गेला तर पुढे काय, हा विचार टॅड करतच नव्हता.

सेव्हसारखी फुकटची कमाई दुसरी नाही. आठ डाव दुसऱ्यांनी घाम गाळायचा आणि नवव्या डावात, संघ एकदोन धावांनी पुढे असताना, एक ताजातवाना गोलंदाज येऊन तिघांना बाद करून श्रेय खिशात घालणार. आयत्या बिळावर नागोबा! पण नागोबा झाला तरी आपल्या बिळात हवा. टॅडच्या बिळात अकरा वर्षं एकच होता, हिनोहोसा. आता म्हातारा झालेला आणि गेल्या आठवड्यात दोनदा हातातला सामना घालवून बसलेला.

म्हणून गुरुवारी टॅड गॉर्डी पेट्रुलोच्या गॅरेजमध्ये गेला होता. दोघांनी रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात एकाच लायनीवर सत्तावीस वर्षं काढली होती. एका गाडीतून गेले आले, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. गॅरेजमध्ये रंगाचा वास मारत होता आणि गॉर्डीच्या नखांत हिरवा रंग होता.

"व्हरांड्याचा कठडा रंगवतोय," गॉर्डी म्हणाला. "तू बोल."

टॅडनं कॉफीचा कप घोंगडीखाली झाकलेल्या कसल्याशा सामानावर ठेवला. गॉर्डीनं तो घाईघाईनं उचलून खिडकीत ठेवला, तरी थोडी कॉफी सांडलीच.

"हिनोहोसाचं काय करू, सांग."

"काय करू काय? संपला तो. सोड त्याला."

"अकरा वर्षं आहे रे माझ्याकडे."

"मग काय लग्न लावून देणारेस त्याचं? अरे, खुर्ची जाईल तुझी, खुर्ची!"

टॅडनं आवाज खाली आणला. "कोणाला सांगू नकोस. सकाळी रेडिओवर हिनोहोसाच्या संघाचा मॅनेजर बोलला. नववा डाव आता प्रुइटला देणार. तो फळ्यावर अजून मोकळा आहे."

"मग उचल की लेका!"

"तुझा हक्क माझ्या आधी लागतो ना."

गॉर्डी खो खो हसला. "मे महिन्यापासून मी कोणाला उचललंय का? मला माझाच संघ पाठ नाही. हिनोहोसाची चिठ्ठी टाक आणि मागे वळून बघू नकोस."

लोरेटाच्या टेबलावर बोलिंगचा एक जुना बूट असायचा. रविवारी बाराच्या आत त्यात चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचा संघ पुरा भरलेला, त्यानं नवा घ्यायचा तर जुना एक सोडायचा. लोरेटा आधी सोडायच्या चिठ्ठ्या वाचायची, मग मागायच्या. ज्यानं सगळ्यात जास्त दिवस कोणाला उचललेलं नाही त्याचा हक्क पहिला. आणि बुटात पडलेली चिठ्ठी परत निघत नसे, देव आला तरी.

रविवारी टॅड नेहमीप्रमाणे गॉर्डीच्या शेजारी बसून त्याच्याच गाडीतून आला. खोलीत गॉर्डीचा जावई ब्रेंट नव्या शर्टात उभा होता, हातात पेपरोनी सॉसेज भरलेल्या पावाच्या गोळ्यांचं ताट.

"तू कसा काय आज?" टॅडनं विचारलं.

"बाबा म्हणाले, ये म्हणून," ब्रेंट म्हणाला आणि ताट पुढे केलं. तीन वर्षं तो लीगच्या रांगेत पहिला होता. टॅडनं एक गोळा घेतला, छान झालेत म्हणून सांगितलं आणि दोन चिठ्ठ्या बुटात टाकल्या, एक हिनोहोसाला सोडायची, एक प्रुइटला मागायची.

"टॅड, हिनोहोसाला सोडलं," लोरेटानं वाचलं. चष्म्यावरून तिनं टॅडकडे पाहिलं. मग मागण्या. "गॉर्डी." ती थांबली. "गॉर्डी? बरं. गॉर्डीला हवाय... प्रुइट."

टॅडला वाटलं, गंमत चालली आहे. तो हसलाही. मग त्यानं गॉर्डीकडे पाहिलं. गॉर्डी बुटाची नाडी बांधत होता.

"गॉर्डी, हे काय रे?"

"खेळ आहे, टॅड. म्हटलं, यंदा जरा लक्ष घालावं."

"शेवटच्या दिवशी?"

गॉर्डीची नाडी काही बांधून होईना. टॅडचा संताप असा उसळला की टेबल उलथून टाकावं. पण चूक कोणत्या नियमाखाली काढणार? हक्क गॉर्डीचाच होता. सांगितलं होतं टॅडनंच, आपल्या तोंडानं.

तीनला सगळे सामने सुरू झाले. श्रोडरच्या गोलंदाजांनी दिवसभरात काहीच कमावलं नाही. टॅड टीव्हीसमोर बसून राहिला, जेवला नाही. साडेपाचच्या सुमाराला हिनोहोसा-प्रुइटच्या सामन्याचा नववा डाव आला, संघ एका धावेनं पुढे. मैदानाच्या कडेचं दार उघडलं आणि हिनोहोसा धावत आला. तो निवृत्त होतोय, हा त्याचा अखेरचा सामना, म्हणून मॅनेजरनं प्रुइटला बसवून त्यालाच पाठवलं, असं समालोचक सांगत होता. सगळं मैदान उभं राहिलं. पहिला बाद. दुसरा बाद. तिसऱ्यानं उंच मारला, चेंडू वर गेला आणि सावकाश एकाच्या हातात येऊन पडला. म्हाताऱ्यानं टोपी काढली. टॅडला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

लोरेटाचा खडू फळ्याशी तसाच थांबला.

"कोणाच्या नावावर हा?" श्रोडरनं विचारलं.

"कोणाच्याच नाही," ती म्हणाली आणि हात खाली घेतला.

टॅडनं आपली खुर्ची उचलली. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. लीग सुरू झाली त्या वर्षी गॉर्डीनंच ते रंगवलं होतं. गॉर्डी मागोमाग आला. "थांब, मी धरतो." टॅडनं धरू दिलं नाही. सवयीनं तो गॉर्डीच्या गाडीपाशी गेला आणि खुर्ची ठेवायला त्यानं मागचं दार उघडलं.

मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं होतं. घोंगडीवर कपाच्या बुडाएवढा कॉफीचा गोल डाग.

टॅडनं घोंगडी बाजूला केली. हिरवी खुर्ची, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ब्रेंटचं नाव. त्यानं नावावरून बोट फिरवलं. रंग खडखडीत वाळलेला होता.

"माझी पोर कार्ला तीन वर्षं मागे लागलीये रे," गॉर्डी म्हणाला. "जावयाला मित्र नाहीत, घरात धुसफूस. पोरीचा संसार आहे. आणि तू तसाही शेवटचाच येणार होतास."

"हिनोहोसा माझ्याकडे असता तर?"

गॉर्डीनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

"मी तुला विचारायला आलो होतो, गॉर्डी. ही खुर्ची तुझ्या गॅरेजात होती आणि मी तुला विचारत होतो."

"टॅड, शिव्या दे, पण गाडीत बस. चार मैल आहे. जरा सरकवलं की दोन्ही मावतील."

टॅडनं घोंगडी पुन्हा नीट पांघरली आणि दार लावलं.

"नाही मावणार," तो म्हणाला. मग आपली खुर्ची खांद्यावर घेऊन तो घराच्या दिशेनं चालू लागला.